तीन रविवारांचा कोट

नदीच्या वळणावरच्या आमच्या वस्तीत कोण वारलं हे कळायला चर्चच्या घंटेची गरज नव्हती. रविवारी मायल्स कॅफर्कीच्या अंगात कोणाचा कोट आहे एवढं पाहिलं की पुरे. तपकिरी असला तर जॉन मँगन. खांद्याला ठिगळ असलं तर थोरला कॉरिगन. बायका पायरीवर थबकायच्या, छातीवर क्रूस करायच्या आणि एकमेकींना म्हणायच्या, "देव त्याला सुखात ठेवो. काय शोभतोय गं!" हे शोभणं मेलेल्याचं असायचं. मायल्स बिचारा नुसती खुंटी.

रीत अशी, की माणूस गेला की त्याचे रविवारचे कपडे जवळच्या कुणीतरी सलग तीन रविवार अंगात घालून चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला जायचं. मग ते कपडे पलीकडे त्याला पोचतात. नाही घातले तर तो देवाच्या दारात उघडावाघडा, कुडकुडत उभा राहतो आणि आत जायची त्याला लाज वाटते. आमच्या लोकांनी समुद्रापलीकडच्या अ‍ॅकिल बेटावरून येताना भांडीकुंडी आणली नाहीत, चांगल्या चपला आणल्या नाहीत, पण ही रीत आणली. पाद्री लोकांना ती पसंत नव्हती. पण एवढ्या तेवढ्यावरून रागावत बसले असते तर त्यांना प्रवचन करायला रिकामी बाकडीच उरली असती.

क्लीव्हलँड शहरात कायाहोगा नदी जिथे एकदम पाठ फिरवते, त्या उतारावर आमची लाकडी घरं एकमेकांच्या खांद्यावर पाय देऊन उभी होती. खाली धक्का, वर शहर. वरची माणसं खाली बघून नाक दाबायची आणि खालची माणसं वर बघायचीच नाहीत. सरोवरातून लोखंडाची लाल माती भरून जहाजं यायची आणि आमचे पुरुष जहाजाच्या पोटात उतरून ती फावड्याने बादल्यांत भरायचे. संध्याकाळी सगळी वस्ती लाल व्हायची, पुरुष, दारं, वाळत घातलेली चादर, शेळ्यासुद्धा. बादली डोक्यात पडून, तुळईवरून घसरून, नदीत पडून, आमच्याकडे मरायच्या तऱ्हा पुष्कळ होत्या. म्हातारपण त्यांतली सगळ्यांत दुर्मिळ.

आणि मरणारे बहुतेक सडे. भाऊ बेटावर, आई बेटावर, इथे एक खाट आणि एक कोट. मग तो कोट घालणार कोण?

मायल्स एकोणीस वर्षांचा असताना त्याच्या खोलीतला ओवेन स्वीनी बादलीखाली सापडला. प्रेत धुऊन झाल्यावर बायका त्या कोटाभोवती बसल्या आणि एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागल्या. मायल्स दारात उभा होता. तो ना उंच ना बुटका, ना जाडा ना रोड. कुठल्याही कपड्यात मावेल असा देवाने जणू मापाला करून पाठवलेला. "आण इकडे," तो म्हणाला. ती सुरुवात. त्यानंतर तेवीस वर्षांत त्याने किती जणांना पलीकडे कपडे पोचवले याची मोजदाद त्यानेही ठेवली नाही. तीन रविवार झाले की कोट झटकून, घडी घालून तो ज्याच्या त्याच्या घरी देऊन यायचा, आणि तो कोट मग बोटीतून नवीन उतरलेल्या एखाद्या पोराच्या अंगावर चढायचा. स्वतःसाठी त्याने कधी एक बटण ठेवलं नाही. तरी वरच्या गल्लीतला एक दुकानदार त्याला मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा म्हणाला होता. मायल्सने ते ऐकून घेतलं. राग त्याला लवकर येत नसे, हाही त्याचा एक दोषच.

त्याची बायको सबीना मात्र फटकळ. "लग्न एकाशी केलं," ती धुण्याच्या दगडावर सांगायची, "आणि चर्चला जाते रोज नव्या नवऱ्याचा हात धरून. त्यातले निम्मे जिवंतपणी मला नमस्कारसुद्धा करत नव्हते!"

बायका हसायच्या. पण लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने एक अट घातली होती आणि ती दगडावरची रेघ होती. मेलेल्याचा कपडा आपल्या खुंटीला टांगायचा नाही. त्यांची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. तिसरी विनी. त्या वर्षी ती अकराची होती, अंगाने काटकुळी, बोलायला आईसारखी, आणि बापाची अशी लाडकी की धक्क्यावरून मायल्स वर चढताना दिसला की ती उतारावरून धावत सुटायची आणि आपले गार हात त्याच्या कोटाच्या खिशात खुपसायची. उन्हाळा असो की हिवाळा, तिचे हात गारच. मायल्सचा सगळा जीव त्या दोन हातांत होता, हे वस्तीला ठाऊक होतं.

त्या वसंतात वस्तीत देवी आल्या.

आधी नदीपलीकडे आल्याची कुणकुण होती. मग पलीकडच्या बोर्डिंगवर पिवळा कागद चिकटला. मग एका पहाटे आमच्या खालच्या रांगेत एका दारावर. पिवळा कागद लागला की त्या घरात कुणी जायचं नाही, त्या घरातून कुणी यायचं नाही. बंद गाडी यायची, रोग्याला साथीच्या बराकीत घेऊन जायची, आणि मागोमाग धुरीवाले यायचे. ते खिडक्या-दारांच्या फटी कागदाच्या पट्ट्या चिकटवून बंद करायचे आणि आत औषधाचा धूर सोडायचे. गाद्या, कपडे अंगणात जाळायचे. तो धूर नाकात गेला की डोळे झोंबायचे आणि दिवसभर जेवणाला त्याचीच चव यायची. मुलं उतारावर खेळायची थांबली. कुणी ओरडून थांबवली नाहीत, आपोआपच थांबली.

देवी टोचणारा डॉक्टरही घरोघर फिरत होता. पण मागच्याच वर्षी धक्क्याजवळच्या एका मुलीचा दंड टोचल्यावर सुजून काळानिळा पडला होता आणि ती महिनाभर किंचाळत होती. तेव्हापासून आमच्या बायकांनी त्या डॉक्टराचा धसका घेतला होता. तो आला त्या दिवशी सबीनाने विनीला कोळशाच्या खोपटात बसवलं आणि वर पोतं टाकलं. "पोरगी मावशीकडे गेलीय," तिने सांगितलं. मायल्स बाजूला उभा होता. त्याच्या स्वतःच्या तोंडावर देवीचे वण होते, बेटावर सहाव्या वर्षी येऊन गेल्या होत्या. ज्याला एकदा येऊन जातात त्याला त्या परत शिवत नाहीत, हे त्याला माहीत होतं. ते खरंही होतं. पुढचं सगळं त्या एका खऱ्या गोष्टीमुळे झालं.

ईस्टरनंतर तिसऱ्या आठवड्यात मार्टिन पॅटनला गाडी घेऊन गेली. मार्टिन चोवीस वर्षांचा, विधवा आईचा एकुलता एक. त्याची आई पेगी ही मायल्सच्या आईची चुलत बहीण, म्हणून मायल्स तिला मावशी म्हणायचा. सहाव्या दिवशी निरोप आला की मार्टिन गेला आणि त्याला पुरलंसुद्धा. चुना टाकून, शहराच्या खड्ड्यात. पाद्री दुरून काहीतरी पुटपुटला म्हणे. आमच्याकडे मेलेल्याला घरात ठेवतात, धुतात, त्याच्या उशाशी माणसं बसतात, चिलीम फिरते, म्हाताऱ्या गळा काढून रडतात, कुणीतरी त्याच्या लहानपणचा फजितीचा किस्सा सांगतं आणि सगळे हसतात. त्यातलं मार्टिनला काहीच मिळालं नाही. कुत्रं पुरतात तसं पुरलं.

पेगीच्या दारावरचा कागद निघाला त्या दिवशी ती मायल्सकडे आली. दुपारची वेळ, जहाज उशिरा येणार म्हणून तो घरी होता. ती उंबऱ्याच्या आत आली नाही.

"मायल्स, बाहेर ये रे बाबा."

"आत ये ना मावशी. चहा टाकलाय सबीनाने."

"चहा नको." तिचं तोंड वाळलेल्या बटाट्यासारखं सुरकुतून गेलं होतं. "माझ्याकडे त्याचा कोट आहे."

"कुठला कोट? सगळं जाळलं ना त्यांनी?"

"निळा. ईस्टरला घेतला होता तो. एकदाच अंगाला लागला त्याच्या. आजारी पडला त्या रात्री अंगावर ओढून झोपला होता. धुरीवाले यायच्या आधी मी बटाट्यांखाली पुरला." ती थांबली. "त्यांनी त्याचं प्रेत नेलं. रडणं नेलं. मला तोंड बघू दिलं नाही. हे तीन रविवार तेवढे राहिलेत माझ्या हातात. कोण घालणार सांग? दोन घरी विचारलं. दार लावून घेतलं माझ्या तोंडावर. आपल्याच लोकांनी!"

घरातून सबीना आली. हातातलं फडकं तसंच.

"पेगी मावशी, तुझं दुःख मला कळतं," ती म्हणाली. "ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि मी दोन पुरलेत. पण तो कोट जाळ. आजच्या आज जाळ."

"माझा मुलगा उघडा उभा आहे तिथे, सबीना."

"आणि माझी मुलगी इथे उभी आहे!"

पेगी मायल्सकडे पाहत राहिली. तिने हात जोडले नाहीत, रडली नाही. रडली असती तर एक वेळ त्याने नाही म्हटलं असतं.

"मला काय होणार?" मायल्स हळूच म्हणाला. "मला येऊन गेल्यात."

"तुला नाही होणार," सबीना म्हणाली. "तुझं तोंड बघूनच पळून जातील त्या. पण आपण विषाची परीक्षा का घ्यायची, मायल्स? आजवर कधी अडवलं तुला? हा एक सोड."

"तेवीस वर्षांत एकाला नाही म्हटलं नाही. आता रक्ताच्या माणसाला म्हणू?"

दोघांचं त्या दिवशी कडाक्याचं भांडण झालं. शेवटी तडजोड ठरली. कोट पेगीकडेच राहील. मायल्स तिथेच घालेल, तिथेच उतरवेल, मग धक्क्यावरच्या पंपाखाली साबण लावून अंग धुऊन घरी येईल. तो पहाटेच्या पहिल्या मिस्सेला जाईल, आणि सबीना नि विनी नेहमीप्रमाणे नऊच्या. मे महिन्याच्या मिरवणुकीसाठी नऊच्या मिस्सेनंतर पोरींची तालीम असायची. सबीनाने हे सगळं त्याच्याकडून क्रूसावर हात ठेवून वदवून घेतलं. मायल्सला वाटलं, झालं, सगळ्यांचंच भलं झालं. भल्या माणसाला असं वाटतं तेव्हा जवळच्यांनी जरा सावध राहावं.

पहिल्या रविवारी तो निळा कोट घालून शिरला तेव्हा बाकड्यांमधून एक सुस्कारा गेला. नवे फादर दुसऱ्या शहरातून आलेले, त्यांना आमचे कोट वाचता येत नव्हते. ते वरून बजावत होते, "घरातली चिंधीसुद्धा लपवू नका. चिंधीत मरण असतं." लोक माना डोलवत होते. त्याच वेळी मायल्सच्या पुढची दोन बाकडी आणि मागची दोन बाकडी रिकामी होत चालली होती. माणसं गुडघे टेकायच्या निमित्ताने सरकत होती. पण फादरना जाऊन सांगितलं कुणी? कुणीही नाही. मी त्या वस्तीतलाच आहे म्हणून सांगतो, आम्हाला भीती वाटत होती आणि बरंही वाटत होतं. मार्टिनला निदान कोट मिळतोय. पेगी कोपऱ्यात बसून त्या निळ्या पाठीकडे बघत होती, आणि महिन्यात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर रंग होता.

कोट मायल्सला नीट बसला होता. फक्त तो जरा ओलसर वाटत होता आणि त्याला मातीचा, बटाट्यांचा वास येत होता. वासाखाली आणखी एक वास होता. तो त्याने मनातून ढकलून दिला.

दुसऱ्या रविवारी मिस्सा निम्म्यावर आली असताना त्याच्या शेजारी काहीतरी हललं. पाहतो तर विनी. धावत आली होती, गाल लाल, वेणी सुटलेली. आई शेळी दोहायला गेली तेवढ्यात ही निसटली होती. आदल्या संध्याकाळी शाळेच्या सिस्टरनी मिरवणुकीत मारियेच्या मूर्तीचा मुकुट धरायला तिला निवडलं होतं, आणि बाप रात्रपाळीला असल्यामुळे ही बातमी रात्रभर तिच्या पोटात फडफडत होती.

"बाबा, मुकुट मी धरणार!" ती त्याच्या कानात पुटपुटली.

"जा," तो ओठ न हलवता म्हणाला. "विनी, घरी जा."

पण त्याच क्षणी वेदीवर घंटी वाजली. फादरनी भाकर उंचावली. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. त्या वेळी आमच्यात कुणी खोकतसुद्धा नाही, हलणं तर दूरच. विनी गुडघ्यावर बसली, बापाला चिकटली आणि सवयीने तिने आपला गार हात त्याच्या कोटाच्या खिशात घातला.

मायल्सला तो हात ओढून काढता आला असता. घंटी वाजत असली तरी आला असता. देव काही तेवढ्यासाठी रागावला नसता. पण तेवीस वर्षं तो त्या क्षणी मान खाली घालून स्थिर राहिला होता, आणि खरं सांगायचं तर तो हात त्याच्या कुशीशी आला की त्याला जे बरं वाटायचं ते आताही वाटलं. दुसरी घंटी वाजेपर्यंत तो तसाच बसला. मग त्याने हात बाहेर काढला आणि तिला दाराकडे ढकललं.

"आईला सांगू नकोस इथे आलीस ते. हात धू जाऊन. साबणाने धू."

"आपलं गुपित," विनी म्हणाली आणि खूश होऊन पळाली.

ती गेल्यावर त्याने स्वतः त्या खिशात हात घातला. तळाशी एक रुमाल होता, कडक झालेला, पिवळट. मार्टिनचा. मिस्सा संपल्यावर मायल्सने तो नदीत टाकला आणि तो बुडेपर्यंत धक्क्यावर उभा राहिला. रुमाल बराच वेळ बुडला नाही.

त्यानंतरचे दिवस त्याने कसे काढले ते त्याचं त्याला ठाऊक. घरी आला की आधी विनीचं कपाळ चाचपायचा.

"काय रे, पोरीला ताप आणून सोडशील असं चाचपून," सबीना म्हणायची. "तोंड का उतरलंय तुझं?"

"काही नाही. नवं यंत्र बसवतायत वरच्या धक्क्यावर. एका घासात दहा माणसांची माती उचलतं म्हणतात."

यंत्राचं खरंच होतं. त्या यंत्रानेच पुढे आमची फावडी आणि मागोमाग आमची वस्ती खाल्ली. पण तेव्हा मायल्सला यंत्राचं काही पडलं नव्हतं. सांगावं का सबीनाला? सांगून काय होणार? सांगितलं आणि काहीच झालं नाही तर उगीच आयुष्यभराचं बोलणं. तिसऱ्या रविवारपर्यंत विनी खणखणीत होती, दोन बटाटे जास्त खात होती. तिसऱ्या रविवारी कोट घालायला तो पेगीकडे गेला तेव्हा उंबऱ्यावर घुटमळला. दोन रविवार घालून तिसरा चुकवला तर मार्टिनचं काय, आणि आता घातला नाही तर सबीना विचारणार, का नाही घातलास? त्याने घातला. मिस्सा झाली. पेगीने त्याच्या दोन्ही हातांचे मुके घेतले आणि त्याच्या देखत कोट चुलीत घातला.

"पोचला," ती म्हणाली. "माझा मार्टिन आत गेला."

मायल्स घरी आला आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवला.

शुक्रवारी संध्याकाळी मिरवणूक होती. विनीने मागच्या वर्षी चर्चमध्ये पहिला प्रसाद घेतानाचा पांढरा झगा घातला होता, सबीनाने खालून चार बोटं सोडून लांब केलेला. मुकुट धरून ती पुढे चालत होती आणि तिचे गाल लाल होते. बायका म्हणाल्या, काय तेज आलंय पोरीला! घरी येऊन ती तशीच झग्यासकट अंथरुणावर पडली. "डोकं दुखतंय, बाबा." मायल्सने कपाळाला हात लावला आणि तो हात त्याला परत उचलता येईना. तिचे हातसुद्धा गरम होते.

दोन दिवस ती तो झगा काढू देईना. तिसऱ्या दिवशी तोंडावर पुरळ आलं. डॉक्टरने दारातूनच रोग ओळखला.

"कुठून लागण झाली? कुणाच्या घरी गेली होती?"

"कुठेच नाही," सबीना म्हणाली. "डोळ्यांत तेल घालून राखलीय मी. शाळा नि घर, बस."

"माझ्याकडून," मायल्स म्हणाला. मग त्याने सगळं सांगितलं. कोट, घंटी, खिसा, रुमाल. डॉक्टर दुसऱ्या जातीचा, त्याला त्यातलं कोटाचं काही उमगेना. "मेलेल्याचा कोट? पण का?" तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. सबीनाने काही विचारलं नाही. ती विनीच्या खाटेवर बसून राहिली, आणि गाडी आली तेव्हा तिला तिथून दोन माणसांनी उठवलं. मग तिने मुकाट्याने झगा विनीच्या अंगावरून काढला आणि तिला चादरीत गुंडाळून दिलं.

नवव्या दिवशी निरोप आला. चुना, शहराचा खड्डा, दुरून प्रार्थना. त्या वर्षी आमच्या वस्तीतले तेरा जण तसे गेले.

धुरीवाले येऊन गाद्या, चादरी, विनीचे शाळेचे कपडे जाळून गेले. ते गेल्यावर सबीनाने चुलीमागची फळी उचकटली आणि तो पांढरा झगा बाहेर काढला. मायल्स पाहतच राहिला. ज्या बाईने लग्नापासून या रीतीवरून त्याची टर उडवली, ती तो झगा मांडीवर पसरून त्याच्या चुण्या हाताने सारख्या करत होती.

"हिच्या मापाची कोण आहे?" तिने विचारलं. गाडी गेल्यापासूनचं तिचं पहिलं वाक्य.

"सबीना."

"मला विचारू दे. तू साऱ्या जगासाठी घातलेस. माझ्या पोरीसाठी कोण घालणार?"

उत्तर दारातच उभं होतं. डेलिया लॅव्हेल, गल्लीच्या टोकाची विधवा. दोन हिवाळ्यांमागे तिचा नवरा जहाजाच्या पोटात पडला तेव्हा मायल्सने त्याचा कोट घातला होता. डेलियाने आपल्या पोरीचा हात धरला होता. अ‍ॅग्नेस, विनीच्या वर्गातली, विनीच्याच उंचीची. तिलाही देवी टोचलेल्या नव्हत्या, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. डेलियाचा चेहरा पांढरा पडला होता, पण पाय मागे घेतला नव्हता.

"मायल्स," ती म्हणाली, "माझ्या माणसाला तू पोचवलंस. मी रात्रभर विचार केला. अ‍ॅग्नेस घालेल."

"देव तुझं भलं करो," सबीना म्हणाली आणि उठली. झगा तिने दोन्ही हातांवर धरला होता, नव्या बाळाला धरतात तसा. अ‍ॅग्नेस आईच्या मागे लपली. लपली तरी एक डोळा त्या झग्याच्या झालरीवर होता, पोरगीच ती.

मायल्सच्या डोळ्यांपुढे त्या क्षणी काय होतं ते त्याने पुढे एकदाच, दारूत, माझ्या बापाला सांगितलं. विनी होती. दारात उभी, उघडी, हात गार, आणि आत जायला लाजतेय. त्याचा त्या रीतीवर विश्वास तेव्हाही होता. तसूभर कमी झाला नव्हता. कमी झाला असता तर सोपं होतं.

त्याने सबीनाच्या हातांतून झगा घेतला. तिला वाटलं, तो अ‍ॅग्नेसला देतोय. तिने सोडला. दोन पावलांवर चूल होती. त्याने झाकण उघडलं, झगा आत कोंबला आणि पळीने खाली दाबला.

सबीना ओरडली नाही. तिने सरळ चुलीत हात घातले. मायल्सने तिला मागून कवेत धरून ओढलं तेव्हा तिच्या मुठीत झालरीचा काळा तुकडा होता आणि तोही चुरा होऊन गळत होता. डेलिया पोरीला घेऊन मागच्या मागे निघाली आणि उतारावरून धावत सुटली. धावताना ती मोठमोठ्याने रडत होती, सुटल्यासारखी.

मायल्सने सबीनाचे हात तेलात बुडवले आणि फडक्यांत बांधले. तिने ते बांधू दिले. बांधून झाल्यावर ती त्याच्याकडे नीट पाहून बोलली.

"कोटाचं मी तुला माफ करीन. आज नाही, पण करीन. मी तिला पोत्याखाली लपवली, माझाही हात आहे त्यात. झग्याचं नाही करणार. मरेपर्यंत नाही."

त्यानंतर मायल्सने कुणाचाही कोट घातला नाही, आणि कुणी त्याला विचारलंही नाही. अ‍ॅग्नेस मोठी झाली, तिचं लग्न झालं, ती वर सपाटीवर राहायला गेली. मायल्स नि सबीना त्याच घरात बावीस वर्षं एकत्र राहिले. ती त्याला वेळेवर वाढायची, त्याची पाठ शेकायची, आजारी पडला की उशाशी बसायची. कोटाचं तिने खरोखरच माफ केलं होतं. सबीना शब्दाची पक्की होती.